वेणूबाईंची सापडलेल्या वस्तूंची वही

वेणूबाईंशी वाकडं घेऊ नका, असं मी आमोद सरांना ते मुख्याध्यापक म्हणून आले त्याच आठवड्यात सांगितलं होतं. सर हसले. "मंदाताई, त्या टॉयलेट धुतात ना हो?" म्हणाले. मी म्हटलं, धुतात, आणि काही विसरत नाहीत. सरांनी पुढची फाइल ओढली.

मी मंदाकिनी, त्या शाळेची हेडक्लार्क. शाळेचं नाव सांगणार नाही, आधीच एक मेमो आलेला आहे. स्वारगेटपासून चालत दहा मिनिटं, इंग्रजी माध्यम, फाटकावर पितळी अक्षरांत 'संस्कार' लिहिलंय, एवढ्यावर ओळखता आली तर आपली हुशारी. वेणूबाई तिथं एकवीस वर्षं सेविका. मूळच्या लातूरकडच्या. नवरा हडपसरच्या पुढं मांजरी गावात उसाच्या शेतावर मजुरीला लागला म्हणून इकडे आल्या, तो गेला, त्या राहिल्या. मुलगा उत्तरेश्वर तिथल्याच एका नव्या सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. सकाळी पावणेसहाला घर सोडायचं, हडपसरला बस बदलायची आणि सातच्या आत शाळेत बादली भरलेली असायची. एकवीस वर्षांत त्यांना तीनदा उशीर झाला, आणि तिन्ही वेळा बस बंद पडली होती. मस्टर माझ्याकडेच असतं, म्हणून सांगते.

बारा वर्षांपूर्वी त्यांना चौथीच्या वर्गात एक सोन्याचं कानातलं सापडलं. त्यांनी ते समोर दिसलेल्या बाईंच्या हातात दिलं. बाई विसरल्या. दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली, बोभाटा झाला, आणि सगळ्या स्टाफरूमसमोर वेणूबाईंची पिशवी टेबलावर उलटी केली गेली. त्यातून डबा, पदराला लावायच्या दोन पिना आणि उत्तरेश्वरचा एक पासपोर्ट साइझ फोटो निघाला. कानातलं चार दिवसांनी त्याच बाईंच्या खणात सापडलं. कुणी माफी मागितली नाही. बाईंनी वेणूबाईंना दिवाळीला चिवडा दिला. वेणूबाईंनी तो घरी नेला नाही, शाळेच्या मागच्या कुत्र्याला घातला, बाई बघत असताना.

त्यानंतर त्यांनी वही केली. शंभर पानी, स्वतःच्या पैशाने आणलेली. वेणूबाईंना लिहितावाचता येत नाही, सही तेवढी येते. म्हणून लिहायचं काम माझं. काहीही सापडलं की त्या मूठ बंद करून माझ्या टेबलापाशी उभ्या राहायच्या. मी तारीख, जागा आणि वस्तू लिहायची. मग तीच मूठ आणि तीच वही घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापकांची सही झाल्याशिवाय मूठ उघडायची नाही, मग आत कंपास असो, मोजा असो नाहीतर कुणाचा पडलेला दुधाचा दात. आधीचे मुख्याध्यापक कौतुकाने सही करायचे. आमोद सर फोन कानाला लावून करायचे, वहीकडे न बघता. त्यांच्या लेखी तो मावशींचा नाद होता. शाळेच्या रेकॉर्डमध्ये ती वही नव्हतीच. रोज संध्याकाळी ती वेणूबाईंच्या पिशवीत, डब्याखाली, मांजरीला जायची.

सरांबद्दल माझं मत मी लपवत नाही. आल्या आल्या त्यांनी माझी खिडकीजवळची जागा काढून तिथं झेरॉक्सचं मशीन ठेवलं. अख्ख्या स्टाफ मीटिंगमध्ये, "मंदाताईंचं अक्षर छान आहे, पण आता अक्षराचा जमाना गेला," असं म्हणून टाळ्या मिळवल्या. शिवाय मागच्या तारखा घालून पत्रं काढायला लावायचे. मी काढायचे आणि मनात डूख धरायचे. त्या डुखाचं पुढं काय करायचं, हे मात्र मला सुचत नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींच्या टॉयलेटमध्ये, फ्लशच्या टाकीमागे, एक निळी वस्तू सापडली. मी वहीत 'हायलायटर एक' असं लिहिलं. सरांनी सही केली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. वेणूबाई ती नाकाशी धरून आल्या. "बाई, हायलायटरला कधी आंब्याचा वास येतो का हो?"

तो वेप होता, बॅटरीवर चालणारी सिगारेट. आता सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा मलाही नव्हतं. सरांना होतं. मूठ उघडावी म्हणून त्यांनी नेहमीसारखी सही ठोकली, ती नळी हातात घेतली, फोन ठेवला, आणि उठून दार लावलं. म्हणाले, बाहेर बोलू नका, शाळेचं नाव जाईल. कचऱ्यात टाकायलाही नको म्हणाले, कचरा सगळ्यांसमोरून जातो. त्यांच्या खणात काजूकतलीचा रिकामा डबा होता, त्यात ती नळी गेली. २०१९ सालापासून आपल्याकडे ही वस्तू विकायला बंदी आहे, आणि साठवायलाही. हे मला फार पुढं कळलं. सरांनी तो साठा काजूकतलीच्या डब्यात केला, स्वतःच्या सहीनिशी.

मग रांगच लागली. स्ट्रॉबेरी, पुदिना, च्युइंगम. वेणूबाई त्याला 'नळी' म्हणायच्या, मीही तेच लिहायला लागले. 'तिसरा मजला, नळी एक, पिवळी.' सही. 'दुसरा मजला, मुलांचे, नळ्या दोन.' सही. प्रत्येक वेळी वेणूबाई विचारायच्या, "साहेब, पोरींच्या आयांना सांगायचं न्हाई का?" सर म्हणायचे, बघू. बघू हा त्यांचा आवडता शब्द होता.

अकरा जुलैला मुठीत नळी होती आणि दुसऱ्या हातात एक मुलगी. नववी ब मधली अवनी. डोळे सुजलेले, ओठ कोरडे. आईला सांगू नका, आईला सांगू नका, एवढंच म्हणत होती. मी वहीत लिहिलं: 'तिसरा मजला, नळी एक, गुलाबी. नववी ब, अवनी, रडत होती. सरांना समक्ष सांगितले.' वेणूबाईंनी सांगितलं तसं शब्दन् शब्द, सरांना सांगायच्या आधीच. मग आम्ही तिघी सरांसमोर उभ्या राहिलो. वेणूबाई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता हिच्या आईला बोलवा. पोरीच्या छातीत घरघर वाजती." सरांनी अवनीला वर्गात पाठवलं. आम्हाला म्हणाले, विनाकारण गाजावाजा होतो, मी समज देतो. सही केली. मी माझ्या टेबलावर आले आणि जनरल रजिस्टर पुढं ओढलं.

एकोणीस सप्टेंबरला मधल्या सुट्टीनंतर अवनी त्याच टॉयलेटमध्ये पडलेली सापडली. ओठ निळे. सापडली म्हणजे वेणूबाईंनाच. दार आतून बंद होतं, ते त्यांनी खांद्याने तोडलं आणि पोरीला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरल्या. नऊ दिवस अवनी हॉस्पिटलमध्ये होती. फुप्फुसाला सूज आहे, पूर्वीसारखी पळायला बराच काळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वाचली, हे महत्त्वाचं.

अवनीची आई, वल्लरीताई, रडून घरी बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी शिक्षण खात्याकडे तक्रार केली आणि शाळेला वकिलाची नोटीस पाठवली. नोटीस मी चारदा वाचली, इतकी सरळ लिहिलेली होती. शाळेच्या वेळात मूल शाळेच्या स्वाधीन असतं. घरी आईबापांनी घेतली असती तेवढी काळजी घेणं हे शाळेचं कर्तव्य आहे. धोका माहीत असून हात बांधून बसलात, तर तो हलगर्जीपणा. सगळं प्रकरण एका प्रश्नावर येऊन थांबत होतं: शाळेला आधी माहीत होतं का?

सरांनी उत्तर तोंडी सांगितलं, मी टाइप केलं. 'शाळेस सदर प्रकाराची कोणतीही पूर्वकल्पना नव्हती. संबंधित सेविकेने स्वच्छतागृहाच्या देखरेखीत कसूर केल्याने प्रकार घडला. सेविकेस कामावरून कमी करण्यात आले आहे.' मग त्याचीच एक नोटीस, वेणूबाईंच्या पूर्ण नावानिशी. मी ती टाइप केली आणि मीच फलकावर लावली. चार टाचण्या लावल्या. वेणूबाई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "काय लिवलंय, बाई?" मी म्हटलं, नंतर सांगते. सांगितलं नाही.

त्या नोटिशीचा फोटो पालकांच्या ग्रुपवर गेला, तिथून मांजरीच्या सोसायटीच्या ग्रुपवर. गेटवर कुणीतरी गाडीची काच खाली करून उत्तरेश्वरला विचारलं, पोरगी मरायला टाकली ती बाई तुझीच आई ना? उत्तरेश्वर घरी आला आणि चार दिवस आईशी बोलला नाही. पाठुंगळीवर पोरीला घेऊन तीन मजले उतरलेल्या बाईशी. हे मला वेणूबाईंनी स्वतः सांगितलं, स्वारगेटच्या बसथांब्यावर, शिक्षण खात्याच्या सुनावणीच्या आठ दिवस आधी. त्या माझीच वाट बघत उभ्या होत्या.

"मला कामावर परत घ्या म्हनून मी पाया पडनार न्हाई," त्या म्हणाल्या. "माझं नाव जिथं खराब केलं तिथंच धुऊन निघालं पायजे. त्याच लोकांपुढं. आन् ज्यानं केलं त्याच्या तोंडानं."

मी विचारलं, वही आहे का? त्यांनी पिशवीवर हात ठेवला.

खरं सांगते, मला आनंद झाला. मला हसू फुटलं. नळ्यांच्या नोंदींखाली चौतीस सह्या. मला त्या पाठ होत्या. सरांची कशी जिरेल याचं चित्र मी तिथं उभ्या उभ्या रंगवलं, आणि माझी खिडकीजवळची जागाही त्या चित्रात होती. मी त्यांना सगळं सांगितलं: सुनावणी किती वाजता, कुठल्या खोलीत, अधिकारी बाई कशा आहेत, कधी बोलायचं. वेणूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुमी बी असनार न्हवं तितं?"

"असणार तर. कामकाज लिहून घ्यायला मीच बसते."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मला वाटलं, त्यांना आधार हवाय.

सुनावणी शाळेच्या लायब्ररीत झाली. अधिकारी बाई, वल्लरीताई, पालक संघाचे पाचसहा जण, सर, आणि कोपऱ्यात कागद घेऊन मी. वेणूबाई गणवेशाची निळी साडी सोडून त्यांच्या हिरव्या इरकलीत आल्या होत्या. वल्लरीताईंनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की दुसरी बाई असती तर उठून गेली असती. वेणूबाई बसल्या.

सर छान बोलले. मुलांचं भावविश्व, सोशल मीडिया, पालकांची जबाबदारी. शेवटी म्हणाले, "आम्हाला पूर्वकल्पना असती तर आम्ही गप्प बसलो असतो का, मॅडम? दुर्दैवाने ज्यांच्यावर देखरेखीची जबाबदारी होती, त्यांनी आम्हाला कधी काही कळवलंच नाही."

अधिकारी बाई वेणूबाईंकडे वळल्या. आपल्याला काही सांगायचंय का, असं विचारलं. वेणूबाईंनी डब्याखालून वही काढली, उठल्या, आणि ती अधिकारी बाईंना न देता सरांपुढे ठेवली.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "साहेब शिकलेले हाईत. त्यांनीच वाचावं. सही त्यांची हाय, तर अडचन यायची न्हाई."

सरांनी वही उघडली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला, तो मी सावकाश बघितला. माझी ती हौस होती. म्हणाले, मॅडम, ही काही शाळेची अधिकृत नोंदवही नाही. अधिकारी बाई म्हणाल्या, "सही अधिकृत आहे का ते सांगा. आणि वाचा."

सरांनी वाचलं. आधी भरभर, पुटपुटल्यासारखं. वेणूबाई म्हणाल्या, "मागं ऐकू येत न्हाई." पालक संघातला एक जण हसला. चौदा जून, तिसरा मजला, हायलायटर एक, खाली माझी सही. एकवीस जून, नळी एक, आंब्याचा वास, खाली माझी सही. वेणूबाईंनी तेही म्हणायला लावलं, 'खाली माझी सही', प्रत्येक ओळीला. मध्येच सर थांबले की त्या फक्त "पुढं?" म्हणायच्या. सात ओळींनंतर सरांना घाम फुटला. अधिकारी बाईंनी विचारलं, या वस्तू गेल्या कुठं? वेणूबाईंनीच सांगितलं, कुठल्या खणात, कुठल्या डब्यात. डबा आणला. झाकण काढल्यावर सबंध लायब्ररीत मिठाई आणि पुदिन्याचा वास पसरला. अधिकारी बाईंनी पोलिसांना फोन लावायला सांगितलं आणि म्हणाल्या, वाचन थांबवू नका.

अकरा जुलैची ओळ आली. सरांनी ती ओलांडायचा प्रयत्न केला.

"एक राहिली," वेणूबाई म्हणाल्या. "गुलाबी."

सरांनी वाचलं. "नववी ब. अवनी. रडत होती. सरांना समक्ष सांगितले." खालची सही वाचताना त्यांनी वही मिटायला घेतली.

वल्लरीताई उठून उभ्या राहिल्या. जुलै, त्या म्हणाल्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. बोटांवर मोजत होत्या. सव्वादोन महिने. मग त्यांनी वेणूबाईंकडे बघितलं आणि हात जोडले. वेणूबाईंनी मान हलवली, एवढंच.

मला वाटलं, झालं. मी पेन खाली ठेवलं. उट्टं निघालं होतं, माझंही आणि त्यांचंही, आणि माझ्या नखालाही ओरखडा नव्हता.

"अजून एक इचारायचं राहिलं," वेणूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "मला लिवता येत न्हाई. साहेबांनी निस्ती सही केली. मग ह्ये लिवलं कुनी, त्ये बी इचारा. आन् ज्यात माझं नाव घातलं त्यो कागद कुनी लावला, त्ये बी."

लायब्ररीतले सगळे माझ्या हातातल्या कागदाकडे बघायला लागले. त्यावर तेच अक्षर होतं. वळणदार, जमाना गेलेलं.

"माझं अक्षर आहे," मी म्हटलं. "नोटीसही मीच लावली."

वल्लरीताई माझ्या टेबलापाशी आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझा नंबर तुमच्याकडे होता?"

"होता."

"कुठं?"

"माझ्या टेबलावर. जनरल रजिस्टरमध्ये."

"त्या दिवशी रजिस्टर कुठं होतं?"

पुढ्यात होतं, उघडं. मी तसं सांगितलं. सरांना भिऊन मी फोन केला नाही असंही म्हणता आलं असतं, पण मी सरांना कधीच भ्याले नव्हते. मी फोन केला नाही कारण ते माझं काम नव्हतं, आणि सर तोंडघशी पडले तर पडू देत, असंही कुठेतरी मनात होतं. चौतीस ओळी मी गोळा करत होते, सरांच्या विरुद्ध. त्यातली एक ओळ एका पोरीची होती, हे मी वाचलं नव्हतं, लिहिलं फक्त. हे काही मी तिथं बोलले नाही. इथं सांगते आहे.

सर गेले. आधी निलंबन, आता पोलिसांकडे हेलपाटे. शाळेने वल्लरीताईंच्या सगळ्या मागण्या मान्य केल्या: नळी सापडली की त्याच दिवशी घरी फोन, डॉक्टर, समुपदेशन, आणि टाकून न देता पोलिसांकडे. वेणूबाई कामावर परत आल्या. एकच अट घातली त्यांनी, की दुसरी नोटीस त्याच फलकावर लागावी, पहिलीएवढ्याच कागदावर, आणि त्याच ग्रुपवर जावी. आणि ती मी टाइप करावी, मीच लावावी.

वर्षाच्या आतच मी निवृत्त होते आहे, त्यामुळे मला घरी बसवण्यापेक्षा मेमो देणं सोपं होतं. नोटिशीचा मजकूर संस्थेकडून आला, मी तो जसाच्या तसा टाइप केला. खाली जाऊन फलकाची काच सरकवली. वेणूबाई एका हातात बादली आणि दुसऱ्या मुठीत टाचण्या घेऊन उभ्या होत्या. मला त्यांचा राग आला होता का? आला होता, प्रचंड. त्यांनी मला बसथांब्यावर, माझ्या हसण्याकडे बघत, हिशेबात धरलं होतं.

मी पहिली टाचणी लावली.

"काय लिवलंय, बाई?" त्या म्हणाल्या.

या वेळी मी नंतर सांगते म्हटलं नाही. वाचलं. सेविका वेणूबाई यांनी वेळोवेळी लेखी कळवूनही. त्यांच्यावर ठेवलेला ठपका चुकीचा असून संस्था त्यांची जाहीर माफी मागते. जिन्यातून मुलं खाली येत होती, ती थांबून ऐकायला लागली. मी थांबले.

"पुढं?" वेणूबाई म्हणाल्या.

"कर्तव्यात कसूर केल्याबद्दल मुख्याध्यापक," मी वाचलं, "आणि हेडक्लार्क मंदाकिनी." माझं पूर्ण नाव. आडनावासकट.

वेणूबाईंनी ते पूर्ण ऐकलं. मग मूठ उघडून उरलेल्या तीन टाचण्या माझ्यापुढे धरल्या.